साधनांचं जिथे पटत नाही

'मॅडम, आमच्या साइटला लाइटहाउसमध्ये ॲक्सेसिबिलिटीचे शंभरपैकी शंभर मार्क आहेत. रिपोर्ट कधी देताय?' असा मेल आला की मी आधी माउस बाजूला सारते. साइट उघडायची आणि नुसती टॅबची कळ दाबत जायचं. एका पतसंस्थेच्या साइटवर याच उद्योगात कळलं, की वरच्या मेनूतल्या 'सेवा' या शब्दावर माउस नेला तर खाली ठेवी, कर्ज, सोनेतारण अशी यादी उघडते. टॅबने तिथे पोचलं तर काहीच होत नाही. एंटर दाबा, स्पेस दाबा, बाणाची कळ दाबा, ढिम्म. ज्याला दिसत नाही किंवा ज्याच्या हाताला सतत कंप आहे तो माउसच्या वाटेला जात नाही, सगळं कीबोर्डवर करतो. त्याच्या लेखी त्या संस्थेत सोनेतारण कर्ज मिळतच नव्हतं. मार्क मात्र खोटे नव्हते. लाइटहाउस या तपासणीच्या साधनाने जेवढं तपासलं तेवढ्यात साइट खरंच पास होती.

संकेतस्थळं आणि ॲप अपंग माणसांना वापरता येतात की नाही हे बघणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. 'हे आता सॉफ्टवेअरच करतं ना?' असं लग्नाकार्यात भेटलेले लोक विचारतात. करतं की. एक सोडून डझनभर आहेत आणि त्यातली बरीचशी फुकट आहेत. मी रोज तीन-चार वापरते. पण चार साधनं वापरली म्हणजे चौपट तपासणी झाली, असा जो समज आहे तो काढायला हवा. मला ही साधनं उपयोगी पडतात ती त्यांच्यात एकमत होतं तिथे कमी, आणि त्यांचं पटत नाही तिथे जास्त.

ही साधनं करतात काय? आपण ब्राउझरमध्ये जे पान बघतो त्याच्या मागे खुणांनी भरलेला मजकूर असतो. हे शीर्षक, हे चित्र, हे बटण, ही भरायची चौकट. साधन त्या खुणा वाचतं आणि नियम लावत जातं. चित्राला पर्यायी वर्णन जोडलंय का? चौकटीला नाव आहे का? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात पुरेसा फरक आहे का? नियमांचं मूळ डब्ल्यूसीएजी नावाच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात. आम्ही बोलताना त्याला 'विकॅग' म्हणतो. त्याची पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. साधन मात्र नियमांच्याही आधी आलं. अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेने १९९६ मध्येच 'बॉबी' काढलं होतं. पानाचा पत्ता द्यायचा, बॉबीने पास केलं की बॉबीमान्य असल्याचा बिल्ला आपल्या साइटवर लावायचा. बिल्ल्याची हौस तेव्हापासूनची आहे. बॉबी बंद पडून जमाना झाला, हौस टिकून आहे.

आता त्याच पतसंस्थेचा खातं उघडण्याचा अर्ज घेऊ. एकच पान मी वेगवेगळ्या साधनांतून काढलं.

पहिली चौकट मोबाइल नंबरची. चौकटीच्या बाहेर काही लिहिलेलं नाही; आतच करड्या अक्षरांत 'मोबाइल क्रमांक' असं आहे, आणि आपण पहिला आकडा टाकला की ते शब्द गायब होतात. वेव्ह नावाच्या साधनाने इथे लाल खूण केली: चौकटीला नाव नाही. ॲक्स या दुसऱ्या साधनाने काहीच म्हटलं नाही. कारण ॲक्सच्या नियमात आतला करडा मजकूरही नाव म्हणून चालतो, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो मजकूर वाचून दाखवतं. पण अर्ज भरता भरता फोन आला, पाच मिनिटांनी परत आलं, तर समोर दहा आकडे आहेत आणि ते मोबाइलचे की दुसऱ्या कशाचे हे सांगणारं काही नाही. ज्यांची दृष्टी अधू आहे, जे पडदा चौपट मोठा करून एका वेळी चारच इंच बघतात, किंवा ज्यांना आत्ताचं आत्ता विसरायला होतं, त्यांची इथे पंचाईत होते. अहवालात मी वेव्हची बाजू घेतली. तरी ॲक्स चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने आपल्यापुरती एक रेघ आखून घेतली आहे: जिथे शंभर टक्के खात्री तिथेच चूक म्हणायचं. प्रोग्रामर मंडळींना खोट्या तक्रारींचा कंटाळा येतो आणि मग ती खऱ्या तक्रारीही वाचत नाहीत, या अनुभवातून आलेली ती सावधगिरी आहे.

अर्जाच्या वर एक फोटो होता. हिरवंगार उसाचं शेत आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आपली माणसं, आपली संस्था'. वेव्ह म्हणालं, अक्षरं वाचता येण्यासारखी नाहीत. त्याचं कारण असं, की फोटो बाजूला ठेवला तर मागे पांढरंच पान उरतं, आणि पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार? ॲक्सने ती ओळ 'स्वतः बघून ठरवा' या खान्यात टाकली. फोटोच्या कुठल्या भागावर कुठलं अक्षर पडतंय ते त्याला सांगता येत नाही. लाइटहाउसने तिचा उल्लेखच केला नाही, कारण 'स्वतः बघा' या खान्यातल्या गोष्टी ते मार्कांत धरत नाही. एका ओळीबद्दल तीन उत्तरं: चूक, माहीत नाही, गप्प. मी डोळ्यांनी बघितलं. उसाच्या गडद भागावरचे शब्द छान दिसत होते आणि आभाळावर गेलेला 'संस्था' हा शब्द विरून गेला होता. म्हणजे तिघांपैकी कुणाचंही उत्तर पूर्ण नव्हतं, पण त्यांच्यात मतभेद झाला नसता तर मी त्या फोटोपाशी थांबलेही नसते.

रंगाचं गणित तसं चोख आहे. साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. संगणकाच्या भाषेत ७६७६७६ हा करडा रंग पांढऱ्यावर ४.५४ भरतो, पास. ७७७७७७ हा करडा ४.४८ भरतो, नापास. दोन्ही रंग शेजारी ठेवले तर तुम्हालाच काय, रंगाऱ्यालाही ओळखू येणार नाहीत. आता एखादं साधन अहवालात एकच दशांश स्थळ दाखवतं आणि ४.४८ चे तिथे ४.५ होतात. मग ग्राहकाचा फोन येतो, 'साडेचार पाहिजे, साडेचार आहे, मग नापास का?' नियमात पुढच्या आकड्याला ढकलायची सोय नाही, हे समजावण्यात माझे बरेच मंगळवार गेले आहेत.

त्याच पानावर तळाशी संस्थापकांचा हार घातलेला फोटो. त्याचं पर्यायी वर्णन होतं 'आयएमजी शून्य चार एक सात डॉट जेपीजी', म्हणजे कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव. वर्णन आहे का, एवढंच ॲक्स विचारतं; आहे, म्हणून पास. वेव्हला फाइलचं नाव ओळखता येतं, त्याने पिवळी खूण केली. आमच्याकडे तपासणीला एक काका येतात, बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, जन्मापासून दृष्टी नाही. ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून पान ऐकत होते. 'ताई, हे संस्थापक जेपीजी कोण हो?' म्हणाले. तो प्रश्न मी जसाच्या तसा अहवालात घातला. वेव्हच्या पिवळ्या खुणेपेक्षा त्याचा परिणाम लवकर झाला.

हे वेगवेगळं दिसणं माझ्या एकटीच्या अनुभवातलं नाही. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेतल्या लोकांनी २०१७ मध्ये मुद्दाम एक पान बनवलं, जगातलं सर्वांत अडथळ्यांचं पान. त्यात सुमारे १४० चुका पेरल्या आणि दहा साधनं त्यावर सोडली. सगळ्यांत चांगल्या साधनाला त्यातल्या ४० टक्क्यांच्या आसपास चुका सापडल्या. सगळ्यांत कमी सापडलेल्याची मजल वीस टक्क्यांपर्यंतही गेली नाही. यातून एकापेक्षा जास्त साधनं वापरावीत हे उघडच दिसतं. पण मला त्या प्रयोगातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: दहाच्या दहा साधनांची बेरीज केली तरी २९ टक्के चुका कुणालाच सापडल्या नाहीत. त्याआधी २०१३ मध्ये मार्केल विगो, जस्टिन ब्राउन आणि व्हिव्हियन कॉनवे या संशोधकांनी सहा साधनं पारखली होती. कुठल्याही साधनाने विकॅगच्या निम्म्याहून जास्त निकषांना हात घातला नव्हता, आणि प्रत्यक्षातल्या चुकांपैकी त्यांना सापडलेल्या होत्या १४ ते ३८ टक्के. आणखी एक बोचरी गोष्ट त्यांनी नोंदवली. जी साधनं जास्त चुका शोधत होती त्यातली काही जास्त खोट्या तक्रारीही करत होती.

साधन बनवणाऱ्या कंपन्यांचे आकडे अर्थातच वर असतात. ॲक्स बनवणाऱ्या डीक्यूने आपल्याच तपासण्यांच्या आधारे ५७ टक्के असा आकडा दिला आहे. तो खोटा आहे असं नाही, मोजण्याची रीत निराळी आहे. ते निकष मोजत नाहीत, चुकांचे नग मोजतात. फिक्या रंगाची एकच चूक एका पानावर चाळीस ठिकाणी असते, आणि ती यंत्राला सापडते. नग मोजले की यंत्राचं पारडं जड होणारच. पण कीबोर्डला दाद न देणारा मेनू हा एकच नग असतो, आणि त्याच्यापायी अख्खी साइट बंद होते.

व्हिएन्नाचे वेब डेव्हलपर मॅन्युएल मातुझोविच यांनी तर २०१९ मध्ये गंमतच केली. लाइटहाउसचे शंभर मार्क राखून जास्तीत जास्त निरुपयोगी पान कसं बनवता येईल, याची पैज स्वतःशीच लावली. कीबोर्ड बंद केला, माउसचा बाण अदृश्य केला, मजकूर दिसेनासा केला. मार्क शंभरच. आमच्या धंद्यात हा लेख नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाचायला देतात. लाइटहाउस बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असणारच, कारण मार्कांच्या खाली 'या गोष्टी हाताने तपासा' अशी यादी ते स्वतःच देतात. ती यादी मिटलेली असते, म्हणून कुणी उघडत नाही. मार्क हिरव्या गोलात मोठ्या अक्षरांत असतात.

आता साधनांच्या गोतावळ्याबद्दल. एकदा एका कंपनीने मला तीन साधनांचे तीन अहवाल पाठवले, तिन्ही निष्कलंक. लाइटहाउस, मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स आणि ॲक्सचं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन. तिन्हींच्या पोटात ॲक्स-कोअर नावाचं एकच इंजिन आहे. लाइटहाउस तर त्यातले निवडक नियमच चालवतं. तिघांनी एकच उत्तर दिलं यात नवल ते काय? मुलाच्याच घरातल्या तिघांना विचारून स्थळाची चौकशी पुरी झाली म्हणण्यातला हा प्रकार. अनेक साधनं वापरायची तर ती वेगळ्या घरची हवीत. म्हणून मी ॲक्सच्या जोडीला वेव्ह घेते, जे अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातल्या वेबएम या केंद्राने २००१ पासून जोपासलंय, आणि तिसरं आयबीएमचं इक्वल ॲक्सेस चेकर. या तिघांचे नियम निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या डोक्याने लिहिलेले आहेत. साधनांनी एकाच निकषाचा अर्थ एकसारखा लावावा म्हणून विकॅग काढणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एसीटी नावाने नियम लिहिण्याची एक पद्धतही २०१९ मध्ये ठरवून दिली आहे, आणि तिचा उपयोग होतो आहे. मला स्वतःला थोडे मतभेद राहिलेले बरे.

हे सगळं कुठल्याही भाषेतल्या पानाबद्दल झालं. मराठी पान आलं की साधनांची खरी परीक्षा होते.

पानाच्या सुरुवातीला एक खूण असते, हे पान कुठल्या भाषेत आहे ते सांगणारी. मराठीसाठी 'एमआर'. तयार नमुना विकत घेऊन त्यात मराठी मजकूर ओतलेल्या असंख्य साइटींवर तिथे 'ईएन' तसंच राहिलेलं असतं. भाषेची खूण आहे का? आहे. ती वैध आहे का? आहे. पास. स्क्रीन रीडर मात्र त्या खुणेवर विसंबून इंग्रजी आवाज लावतो आणि त्या आवाजापुढे देवनागरी येते. काही आवाज गप्प बसतात, काही एकेक अक्षर सुटं करून सांगतात. कुठे कुठे 'एचआय' असतं, म्हणजे हिंदी. मग मराठी वाचली जाते, पण दिल्लीहून आलेल्या पाहुण्याने वाचावी तशी. वापरणारा ते चालवून घेतो. इंग्रजी खुणेचं पान चालवून घेण्यासारखं नसतं, आणि दोन्ही पानांना साधनांकडून सारखाच निकाल मिळतो.

दुव्यांचं तसंच. 'क्लिक हिअर', 'मोअर' असे दुवे वेव्ह हटकतं, कारण स्क्रीन रीडर वापरणारी माणसं पुष्कळदा पानावरचे फक्त दुवे एका यादीत काढून ऐकतात, आणि त्या यादीत बारा वेळा 'मोअर' आलं तर काय समजणार? पण साधनाकडची संशयित शब्दांची यादी इंग्रजी आहे. 'इथे क्लिक करा' आणि 'अधिक वाचा' यांना माझ्या वापरातल्या एकाही साधनाने आजवर अडवलेलं नाही. चित्राच्या वर्णनात 'इमेज' लिहिलं तर ओरडा होतो, 'छायाचित्र' लिहिलं की सगळे समाधानी.

पण या सगळ्यावर कडी करतो तो जुना फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप व्हायचा. त्यात संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच; असतात इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर फॉन्टने देवनागरीचा मुखवटा चढवलेला. कृतिदेवमध्ये 'म' म्हणजे इंग्रजी ई, 'ह' म्हणजे जी, काना म्हणजे के, 'र' म्हणजे जे. डोळ्यांना 'महारा' दिसतं, आत ई-जी-के-जे-के असतं. एका जुन्या साहित्यसंस्थेच्या साइटवर अध्यक्षीय भाषणं अशीच वर्षानुवर्षं पडून होती. मी साधनं लावली. वेव्ह, शून्य चुका. ॲक्स, शून्य. आयबीएम, शून्य. रंग उत्तम, शीर्षकं क्रमवार, भाषेची खूणसुद्धा 'एमआर'. मग काकांना ऐकायला दिलं. त्यांच्या हेडफोनमधून 'एग्कज्क' अशा धर्तीचं काहीतरी सलग बाहेर पडत राहिलं. ते शांतपणे दोन मिनिटं ऐकत बसले, मग म्हणाले, 'कुठली भाषा आहे ताई ही? मला वाटलं मशीन बिघडलं.'

या पानाबद्दल सगळ्या साधनांचं एकमत होतं. म्हणूनच मी मतभेदांना घाबरत नाही. मतभेद झाला की माणूस बघायला जातो. एकमताचं शून्य आलं की कुणीच जात नाही, आणि ग्राहक ते शून्य वार्षिक अहवालात छापतो.

पीडीएफचा विषय निघाला तर हा लेख संपणार नाही. एवढंच सांगते, की वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस टाइप करायची, छापायची, त्यावर गोल शिक्का मारून सही करायची आणि तो कागद स्कॅन करून साइटवर चढवायचा, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. स्क्रीन रीडरच्या हाती कोरं चित्र लागतं. वेव्ह 'इथे पीडीएफचा दुवा आहे' एवढी सूचना देतं. त्या दुव्यापलीकडे जाऊन बघणं त्याच्या कामात येत नाही.

साधनं निरुपयोगी आहेत असं कुणाला वाटलं असेल तर तसं मुळीच नाही. वेबएम दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुख्य पानं वेव्हमधून काढतं. २०२५ च्या पाहणीत त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला ओळखता येतील अशा चुका होत्या, दर पानामागे सरासरी ५१. सगळ्यांत जास्त आढळली ती फिकी अक्षरं, ७९ टक्के पानांवर. त्याखालोखाल वर्णन नसलेली चित्रं, नाव नसलेल्या चौकटी, रिकामे दुवे, रिकामी बटणं, भाषेची खूण नसणं. २०१९ मध्ये, पहिल्या पाहणीत, साधारण याच सहा चुका होत्या. म्हणजे यंत्र फुकटात, दहा सेकंदांत दाखवून देतं तेवढंसुद्धा आपण दुरुस्त करत नाही. ज्या पानावर पन्नास चुका आहेत तिथे मी काकांना बसवत नाही. ते त्यांच्या वेळेचा अपमान आहे. आधी साधनांना सापडतं ते सगळं निस्तरून या, मग माणसाचा वेळ मागा.

माझा क्रम साधारण असा असतो. आधी वेव्ह, कारण ते पानावरच खुणा उमटवतं आणि पान एका नजरेत कळतं. मग ॲक्स, मग आयबीएम. तिघांच्या तक्रारी एका तक्त्यात शेजारी शेजारी. तिघे म्हणतात ती चूक सरळ प्रोग्रामरकडे. एकटा म्हणतो आणि बाकीचे दोघे नाही म्हणतात, त्या ओळीला पिवळा रंग आणि तिथे मी स्वतः. मग पान हलवायचं. कारण साधन बघतं ते त्या क्षणी पडद्यावर असलेलं. मिटलेला मेनू, न उघडलेली खिडकी, अर्ज चुकल्यावर येणारा लाल संदेश, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. म्हणून अर्ज मुद्दाम चुकवायचा आणि साधनं पुन्हा चालवायची. पतसंस्थेच्या अर्जात पॅन चुकवल्यावर चौकट फक्त लाल झाली, शब्द एकही नाही. साधनांनी त्यावर मौन पाळलं. मग कीबोर्ड, मग एनव्हीडीए, मग फोनवरचा स्क्रीन रीडर टॉकबॅक, आणि शेवटी काका किंवा दुसरं कुणीतरी, जे हे सगळं तपासणी म्हणून नाही तर रोजच्या जगण्यात वापरतात.

या शेवटच्या पायरीला फाटा देऊ पाहणारा एक उद्योग मध्यंतरी फार बोकाळला. साइटवर एक ओळ कोड टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येईल आणि आमची कृत्रिम बुद्धिमत्ता बाकीचं बघून घेईल, अशी जाहिरात. असं करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे अजून विक्री जोरात आहे. माझ्या ग्राहकांपैकी निम्म्यांना कुणी ना कुणी तो कोड विकायला येऊन गेलेलं असतं.

कायद्याचं चित्र आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बरंच पालटलंय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्याखालचे नियम २०१७ चे. पण त्यातला सुगम्यतेचा पंधरावा नियम नुसत्या शिफारशींसारखा आहे, तो सक्तीचा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं. आणि ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. प्रज्ञा प्रसून ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आहेत. बँकेत खातं उघडताना 'जिवंत माणूस आहे का' हे बघायला ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. ती त्यांना करता येत नव्हती, म्हणून ओळख पटेना. दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिकाही त्यासोबतच ऐकली गेली. ती उघडझापेची पायरी कुठल्याही साधनाखाली घाला, बटणाला नाव असेल आणि रंग ठीक असेल तर पास होईल. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यातला एक माझ्या कामाचा आहे: नियमन असलेल्या संस्थांनी प्रमाणित तज्ज्ञांकडून वेळोवेळी सुगम्यतेची तपासणी करून घ्यावी, आणि ॲप किंवा साइट बनवताना वापरून बघण्याच्या टप्प्यावर दृष्टिहीन व्यक्तींना सामील करून घ्यावं.

हा निर्देश मी आता प्रत्येक कोटेशनला जोडते. निविदांमध्ये अजूनही 'ॲक्सेसिबिलिटी स्कोअर किमान ९०' एवढीच अट असते. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आकडा सोयीचा पडतो, तो वर पाठवता येतो. मी त्यांना अट बदलून देते: कुठली पानं, कुठली कामं, कुठल्या दोन वेगळ्या इंजिनांची साधनं, कुठला स्क्रीन रीडर, आणि वापरून बघणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीचं मानधन ही खर्चातली वेगळी ओळ. बाकीच्या अटी मान्य होतात. मानधनाच्या ओळीवर बहुतेक ठिकाणी प्रश्न येतो, 'हे ते लोक सेवा म्हणून करत नाहीत का?' पतसंस्थेच्या सचिवांनीही विचारला होता. काकांनी त्यांना त्यांच्याच संस्थेचा ठेवींवरचा व्याजदर विचारला, आणि पुढच्या बैठकीत ती ओळ मंजूर झाली.